इंग्लंडात दाजींचं टॅक्सी लायसन कौन्सिलनं सस्पेंड केलंय, पुढं काय करायचं?

एमएच१५_एर्टिगा

नमस्कार मंडळी, विषय जरा लांबचा आहे पण बाहेर गेलेले नाशिककर इथं बरेच आहेत म्हणून टाकतोय. माझी ताई नर्स आहे, इंग्लंडात मिडलँड्स साइडला हॉस्पिटलला लागली, मागनं दाजी पण गेले आणि आता ते तिकडं प्रायव्हेट हायर चालवतात, म्हणजे आपल्याकडं ॲपवर गाडी लावतात ना तसंच. इथं होते तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकातनं शिर्डी-त्र्यंबकची भाडी मारायचे, माणूस एकदम सरळ, कधी कोणाशी तू-तू मैं-मैं नाही.

तर झालं असं की रात्री उशिराचं भाडं होतं, एकटी बाई. मॅप दाखवत होता तो रस्ता पुढं कामासाठी बंद होता म्हणून दाजींनी दुसरीकडनं गाडी घेतली, तिला वाटलं हा फिरवतोय, त्यावरनं वाजलं दोघांचं. मधेच तिनं पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली आणि उतरून गेली, असं दाजी सांगतात. तिनं तक्रार दिली की ड्रायव्हर अंगावर ओरडला आणि मला अर्ध्या रस्त्यात उतरवून निघून गेला. झालं, थोड्याच दिवसांत कौन्सिलचं पत्र, लायसन सस्पेंड, आजपासूनच, बॅज जमा करा. ना कोणी बोलावलं ना काही विचारलं, एक फोन आला होता म्हणे पण तो फक्त तुमची बाजू काय एवढ्यापुरता.

आता मला कळत नाही ते असं की कौन्सिल म्हणजे आपली मनपाच ना? मनपावाले लायसन कसं काय सस्पेंड करतात, तिकडं आरटीओ नाही का? आणि घरची गाडी तरी चालवता येते का, कारण ताईची नाइट असली की सोडायला-आणायला दाजीच जातात. ॲपवाल्यांनी तर त्याच दिवशी आयडी बंद केला.

दाजींनी एक दोन पानी पत्र लिहून ठेवलंय, मीच सांगितलं होतं तसं लिहा म्हणून. आपण इथं साहेबांना सांगतो ना, साहेब घर याच्यावर चालतं, पोरांच्या फिया आहेत, गाडीचा हप्ता आहे, एक वेळ माफी द्या, त्या टाइपचं. अजून पाठवलं नाही. पाठवू का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, ताई फार टेन्शनमध्ये आहे.

शालिमार_स्टँड

भाऊ, तिकडचं मला माहीत नाही पण इकडचं विचार, सगळं तोंडपाठ आहे. आपल्याकडं मनपाचा लायसनशी काडीचा संबंध नाही. मनपा काय करते तर स्टँडसाठी जागा देते, रस्ता खोदते आणि तो बुजवायचं विसरते, बाकी सगळं पेठ रोडला आरटीओत. त्यात पण तीन कागद वेगवेगळे, हे नव्या पोरांना कळतच नाही. एक तुझं ड्रायव्हिंग लायसन, दुसरा बॅज, तिसरं गाडीचं परमिट. कोणी येऊन म्हणतं लायसन गेलं, आपण विचारायचं बाबा नक्की काय गेलं? परमिट सस्पेंड झालं तर ती गाडी धंद्यावर लावायची नाही, पण तू दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवू शकतो ना. लायसन गेलं तर मग परमिट असून काय उपयोग, घरची बाइक पण हातात धरायची नाही, फार तर तुझी रिक्षा दुसऱ्या बॅजवाल्याला दे चालवायला.

आमच्या स्टँडवरच्या एकाचं झालं होतं मागं, फ्रंट सीट घेऊन चालला होता, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला एकेक आणि मागं चार, निमाणीकडं. ट्रॅफिकवाल्यानं धरला, लायसन घेऊन आरटीओला पाठवलं, तिथनं कारणे दाखवा नोटीस आली. हा गडी गेलाच नाही तारखेला, म्हणे जाऊ दे काय होतंय दंड होईल, आणि झालं तीन महिने निलंबन. तारखेला जाऊन उभं राहायला पाहिजे होतं एवढंच म्हणायचंय, साहेब ऐकतात नाही ऐकतात नंतरची गोष्ट.

त्यामुळं दाजींना पहिलं हे विचार की पत्रात नक्की कोणता कागद सस्पेंड केलाय आणि कोणत्या कलमाखाली.

ब्रमवासी_गंगापूररोड

शालिमारवाले भाऊ बरोब्बर बोलले, तिकडं पण सगळं त्याच प्रश्नावर अडतं. मी बर्मिंगहॅमला असतो, स्वतः टॅक्सी चालवत नाही पण माझे दोन रूममेट चालवायचे आणि त्यातल्या एकाच्या केसचे सगळे कागद मीच वाचून दिलेत, त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी घरच्या गाडीचं सांगतो म्हणजे ताईंचं टेन्शन कमी होईल. इंग्लंडात ड्रायव्हिंग लायसन देतं डीव्हीएलए, हे सरकारी खातं. टॅक्सी चालवायचं लायसन वेगळं, ते देतं कौन्सिल. हो, कौन्सिल म्हणजे मनपाच, कचरा उचलणारी, बागा सांभाळणारी तीच. फक्त लंडनमध्ये हे काम ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडं आहे. तर कौन्सिलनं त्यांचं लायसन सस्पेंड केलं म्हणजे भाडं घेऊन गाडी चालवायची नाही, पण टॅक्सीची प्लेट नसलेली साधी घरची गाडी बिनधास्त चालवा, डीव्हीएलएच्या लायसनला धक्का नाही. टॅक्सी म्हणून नोंदलेली गाडी मात्र घरच्या कामाला पण चालवायची नाही, तिला कौन्सिलचं चालू लायसनच लागतं. ताईंना नाइटला साध्या गाडीतनं सोडायला काहीच अडचण नाही. फक्त कोणी ओळखीचा म्हणाला की एअरपोर्टला सोड मी पैसे देतो तर अजिबात नाही, सस्पेंड असताना भाडं मारलं तर तो गुन्हा, वर इन्शुरन्स पण गेला.

कायदा १९७६ चा आहे, लोकल गव्हर्नमेंट मिसलेनियस प्रोव्हिजन्स ॲक्ट, त्याचं कलम ६१. यात कौन्सिलला सस्पेंड करायचे, रद्द करायचे किंवा रिन्यू न करायचे अधिकार आहेत. कारणं कोणती तर अप्रामाणिकपणा, अश्लील वर्तन, मारहाण अशा गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, टॅक्सीच्याच कायद्याखाली शिक्षा झाली असेल, इमिग्रेशनचा गुन्हा असेल, आणि शेवटी एक मोठी गोणी ठेवलीय, "इतर कोणतंही वाजवी कारण". दाजींचं बहुतेक या गोणीतच टाकलं असणार. यासाठी कोर्टात शिक्षा व्हायला लागत नाही, केस पण व्हायला लागत नाही.

आता पत्र नीट उघडून बघा. साधा नियम असा आहे की सस्पेन्शन नोटीस मिळाल्यापासून २१ दिवस संपल्यावर लागू होतं, आणि त्या मुदतीत अपील टाकलं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवता येते. पण २००६ च्या रोड सेफ्टी ॲक्टनं त्यात एक पोटकलम घातलं, ६१(२बी), की लोकांच्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर त्याच क्षणी लागू. मात्र तसं करायचं असेल तर नोटिशीत हे स्पष्ट लिहायला लागतं आणि का ते पण समजावून सांगायला लागतं. म्हणून पत्रात ते कारण आहे की नुसतं "विथ इमिजिएट इफेक्ट" ठोकून दिलंय ते वाचा, वकिलाला पहिलं तेच दाखवा. कारण दिलेलं असेल तर अपील टाकलं तरी निकालापर्यंत गाडी बंदच राहणार, हे आत्ताच सांगून ठेवा नाहीतर दाजी अपील टाकून दुसऱ्या दिवशी ॲप उघडून बसतील.

अपील मॅजिस्ट्रेट कोर्टात, मुदत २१ दिवस. यात चालढकल नको, नोटीस हातात पडली ती तारीख धरून मोजा.

तक्रार खरी की खोटी ठरायच्या आधीच सस्पेंड कसं, हा प्रश्न तिकडचे ड्रायव्हर पण विचारतात. यावर २०१२ चा एक निकाल आहे, सिंग विरुद्ध कार्डिफ, हायकोर्टानं सांगितलं की चौकशी होईपर्यंत बाजूला बसवून ठेवायचं साधन म्हणून सस्पेन्शन वापरायचं नाही, सस्पेंड करणं हाच एक निर्णय आहे, तो ड्रायव्हरला बोलायची संधी देऊन घ्या. आणि एकदा त्या कारणावर सस्पेंड केलं की नंतर नवीन काही हाती न येता त्याच कारणावर लायसन रद्द करता येत नाही. हे ऐकायला ड्रायव्हरच्या बाजूचं वाटतं पण गंमत बघा, याचा परिणाम असा झाला की बऱ्याच कौन्सिल आता सस्पेंड करायच्या भानगडीत न पडता सरळ रद्दच करतात. दाजींचं सस्पेंड आहे हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. तो फोन आला होता ना, त्यात काय विचारलं, दाजी काय बोलले, कोणत्या दिवशी, हे आठवतंय तोवर कागदावर उतरवा, ऐकून घेतलं की नाही हा मुद्दा त्यावरच ठरणार.

आता ते दोन पानी पत्र. नका पाठवू. खरंच नका पाठवू. २००२ मध्ये लीड्स विरुद्ध हुसेन म्हणून केस झाली, त्यात पण ड्रायव्हरला सस्पेंड केलेलं, गुन्हा फक्त दाखल होता, शिक्षा नव्हती. हायकोर्टानं म्हटलं की लायसन गेल्यानं ड्रायव्हरच्या घरावर काय परिणाम होतो हे बघायचंच नाही, प्रश्न फक्त एवढाच की प्रवासी या माणसासोबत सुरक्षित आहेत का. पोरांच्या फिया, हप्ता, आईचं दुखणं, काही नाही. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की साहेबाला पाझर फुटला पाहिजे, तिथं साहेबाला पाझर फोडायची परवानगीच नाही. उलट त्या पत्रात "एक वेळ माफी द्या" असं लिहिलंय ना, ते त्यांनी कबुली म्हणून वाचलं तर?

एमएच१५_एर्टिगा

बापरे, बरं झालं विचारलं. दाजी उद्याच पोस्टात टाकणार होते, फोन करून थांबवलं. पत्रात सुरक्षेचं कारण दोन ओळीत दिलंय, महिला प्रवाशाला रात्री निर्जन ठिकाणी सोडलं असा आरोप असल्यामुळं असं काहीतरी, कलम ६१ पण आहे. म्हणजे गाडी बंदच समजायची.

पण मला एक पटत नाही, एका बाईचा शब्द आणि एका ड्रायव्हरचा शब्द, पुरावा काहीच नाही, मग ड्रायव्हरचाच खोटा का? आपल्याकडं असं असतं तर कोर्टात उभी तरी राहिली असती का केस?

सीबीएस_वकीलताई

मी नाशिकलाच प्रॅक्टिस करते, जिल्हा कोर्टात, त्यामुळं इकडचं खात्रीनं सांगते. एर्टिगा भाऊ, तुमचा समज आहे की आपल्याकडं पुराव्याशिवाय लायसनला हात लागत नाही, तसं नाहीये.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९. लायसन देणारा अधिकारी, म्हणजे आरटीओ, लायसन ठरावीक मुदतीसाठी अपात्र करू शकतो किंवा रद्द करू शकतो. कारणांत सराईत गुन्हेगार, दारूचं व्यसन, गाडी दखलपात्र गुन्ह्यात वापरली, आधीचं वागणं बघता याचं चालवणं लोकांना धोक्याचं आहे, अशी बरीच आहेत. त्याशिवाय केंद्रीय नियम १९८९ चा नियम २१ वाचा कधीतरी वेळ काढून, लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा कृत्यांची यादीच आहे त्यात, प्रवाशाला मारहाण, प्रवाशाचं सामान चोरणं, प्रवाशाशी गैरवर्तन, चालवताना सिगारेट, चालवताना मोबाइल. यासाठी सुद्धा कोर्टाची शिक्षा आधी लागत नाही. म्हणजे तुमच्या दाजींवर जो आरोप आहे तो इथं झाला असता तर "प्रवाशाशी गैरवर्तन" या खात्यात आरामात बसला असता.

फरक कुठं आहे तर कलम १९ मध्येच लिहिलंय की आधी म्हणणं मांडायची संधी द्या आणि मग कारणं लेखी देऊन ऑर्डर करा. त्या ऑर्डरवर ३० दिवसांत अपील. २०१९ च्या दुरुस्तीनं पोलिसांना कलम २०६(४) खाली लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडं पाठवायला सांगितलंय, ओव्हरस्पीड, बेदरकार चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं वगैरे साठी, आणि त्यात पहिल्या वेळेला तीन महिने, दुसऱ्यांदा झालं तर लायसन रद्द. तिथं पण आधी सुनावणी आहे आणि अधिकाऱ्याला पटलं तर तो सोडून पण देऊ शकतो. हे लोकांना माहीतच नसतं, शालिमारवाले सांगतात तसं तारखेला कोणी फिरकत नाही. त्या तीन महिन्यांत गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही.

परमिटचं कलम वेगळं, ८६. त्यात एक सोय आहे जी लायसनला नाही. परमिट सस्पेंड करण्याऐवजी ठरावीक रक्कम भरून मिटवता येतं, अधिकाऱ्याला योग्य वाटलं तर. लायसनला असं पैसे भरून मिटवणं नाही. माझ्याकडं लोक येतात आणि म्हणतात मॅडम त्याचं तर पैसे भरून मिटलं मग माझं का नाही, तर त्याचं परमिट होतं आणि तुझं लायसन आहे, एवढंच.

पुराव्याचं म्हणाल तर असल्या कारवाईत फौजदारी केससारखं संशयाच्या पलीकडं वगैरे सिद्ध करायचं नसतं. इंग्लंडात काय मापदंड आहे ते ब्रमवासी सांगतील.

ब्रमवासी_गंगापूररोड

ताई, तिकडं पण तसंच, दिवाणी मापदंड, म्हणजे झालं असण्याची शक्यता जास्त की नसण्याची, पारडं कुठं झुकतं तेवढंच. ऐकीव पुरावा पण चालतो. १९९८ च्या एका केसमध्ये तर फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसाला सुद्धा लायसन नाकारलेलं हायकोर्टानं योग्य ठरवलं.

आणि एर्टिगा, हे असं का आहे ते पण समजून घे, नाहीतर दाजी कौन्सिलवर नुसते चिडून बसतील. रॉदरहॅम नावाच्या गावात लहान मुलींच्या लैंगिक शोषणाचं फार मोठं प्रकरण २०१४ च्या रिपोर्टमधनं बाहेर आलं, त्यात काही टॅक्सी ड्रायव्हरांची नावं होती आणि कौन्सिलनं वर्षानुवर्षं डोळेझाक केली होती. त्यानंतर सगळ्या कौन्सिल टाइट झाल्या. २०२० मध्ये केंद्र सरकारनं सगळ्या कौन्सिलना नियम घालून दिले, त्यात निर्णय घेणाऱ्यानं स्वतःला विचारायचा प्रश्नच दिलाय, साधारण असा, की तुमच्या जवळच्या माणसाला या ड्रायव्हरसोबत दिवसा-रात्री कधीही एकटं पाठवाल का? आणि शंकेचा फायदा ड्रायव्हरला द्यायचा नाही असं पण लिहिलंय. हे डोक्यात ठेवून उत्तर लिहायचं.

नाशिकरोड_अपडाउन

मी प्रवाशाच्या बाजूनं बोलतो, कोणाला राग आला तर येऊ द्या. मला तर ही सिस्टीम आवडली राव. आपल्याकडं रात्री गाडीतनं उतरलं की नाशिकरोड स्टेशनबाहेर काय चालतं सगळ्यांना माहिती आहे. मीटर फक्त शोभेला. सीबीएसला जायचं म्हटलं की आधी तोंड बघणार, बॅग बघणार आणि मग भाव. एकदा माझ्या वयस्कर आईला एकानं द्वारकेलाच उतरवून दिलं, म्हणे पुढं येत नाही, आणि पैसे पूर्ण. कुठं तक्रार करणार? नंबर घ्यायला गेलं तर बॅज नंबर शर्टवर नाही, गाडीत माहिती लावलेली असते ती पडद्यामागं.

आता २०२७ चा कुंभमेळा येतोय, बाहेरचे लाखो लोक येणार. मनपा सिटीलिंक बस चालवते तर मग रिक्षा-टॅक्सीचं लायसन पण त्यांच्याकडंच द्या ना, निदान वॉर्डातल्या वॉर्डात तक्रार करता येईल, पेठ रोडपर्यंत कोण जातंय कामधंदा सोडून.

शालिमार_स्टँड

साहेब तुमच्या आईंचं वाईट झालं, तो ड्रायव्हर चुकलाच, त्याला कोणी पाठीशी घालत नाही. पण मनपाकडं द्या म्हणताय ते जरा थांबा. तिकडं कौन्सिलमध्ये बसतं कोण? नगरसेवकच ना? म्हणजे माझं लायसन ठेवायचं की नाही ते आमचा नगरसेवक ठरवणार. अहो प्रत्येक स्टँडचा बोर्ड बघा, वर कोणाचा फोटो आहे, खाली कोणाचं सौजन्य आहे. एका पार्टीचा बोर्ड लावला की दुसऱ्या पार्टीवाल्याकडं सुनावणीला जायचं? त्यात मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं निवडणूकच नव्हती, नुसता प्रशासक, तेव्हा आम्ही कोणासमोर उभं राहायचं होतं? आरटीओ साहेब निदान बदलीवर येतो बदलीवर जातो, त्याला पुढच्या इलेक्शनला माझ्या स्टँडवरची मतं नको असतात.

मीटरचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी तिथं पण येतो.

सीबीएस_वकीलताई

शालिमार भाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडं भाडं ठरवणं आणि परमिट देणं हे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडं आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, निवडून आलेला माणूस मुद्दामच लांब ठेवलाय. नाशिकरोडवाल्यांना एकच सांगेन, तक्रारीला पेठ रोडला जायलाच पाहिजे असं नाही, लेखी अर्ज पोस्टानं पण चालतो, फक्त गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कुठून कुठं, हे चार तपशील पक्के हवेत. "एक रिक्षावाला होता काळा शर्ट" यावर कोणी नोटीस काढू शकत नाही.

ब्रमवासी_गंगापूररोड

नगरसेवकांचं खरंय, तिकडं लायसन्सिंग कमिटीत नगरसेवकच बसतात, दोन-तीन जणांचं पॅनेल असतं. पण तातडीचं सस्पेन्शन बऱ्याच ठिकाणी अधिकारीच करतात, तसे अधिकार त्यांना देऊन ठेवलेले असतात. दाजींच्या पत्राखाली सही कोणाची आहे बघा, आणि त्या सहीवाल्याला हे अधिकार कमिटीनं दिलेत का हे वकील कौन्सिलच्या वेबसाइटवरनंच तपासेल.

एमएच१५_एर्टिगा

सही लायसन्सिंग मॅनेजरची आहे. आता दाजींचा प्रश्न असा की हे मिटेपर्यंत शेजारच्या दुसऱ्या कौन्सिलचं लायसन काढलं तर? तिकडचा एक पंजाबी ड्रायव्हर म्हणाला की सगळे तसंच करतात, वुल्व्हरहॅम्प्टनचं काढायचं आणि कुठंही चालवायचं. आणि मग पत्रात नक्की लिहायचं काय, घरचं नाही तर?

ब्रमवासी_गंगापूररोड

वुल्व्हरहॅम्प्टनचं लायसन घेऊन पार मँचेस्टरपर्यंत गाड्या चालतात हे खरं आहे आणि ते कायदेशीर पण आहे. पण सस्पेंड असताना दुसरीकडं अर्ज टाकायचा हा जुगाड आता चालत नाही. २०२२ च्या कायद्यानं इंग्लंडातल्या कौन्सिलना सस्पेन्शन, रद्द, नकार या सगळ्याची नोंद एका देशभरच्या डेटाबेसमध्ये टाकायला लागते आणि नवीन अर्ज आला की तिथं बघायला लागतं. अर्जात पण विचारतात, आधी कधी सस्पेंड झालात का. तिथं "नाही" लिहिलं तर मूळ तक्रार बाजूलाच राहील आणि खोटं बोलला म्हणून लायसन जाईल. त्या पंजाबी भावाला रामराम करा.

आता पुराव्याचं, आणि हे आज रात्रीच करायला सांग. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड बाहेर काढून ठेवा, ते गोल-गोल फिरून जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत असतं, गाडी परत चालू केली तर त्यानं पुसलं जाईल. आतल्या बाजूचा कॅमेरा असेल तर बसवताना कौन्सिलची परवानगी घेतली होती का तेवढं बघा. ॲप कंपनीकडं त्या ट्रिपचा पूर्ण डेटा मागा, गाडी कुठं थांबली, किती वेळ थांबली, ट्रिप कोणी संपवली, तिनं की दाजींनी. माझ्या मते अख्खी केस या एका गोष्टीवर आहे. स्वतःचा डेटा मागायचा हक्क आहे आणि त्यांना साधारण एका महिन्यात द्यायला लागतो, पण आपली मुदत २१ दिवसांचीच आहे म्हणून अर्जात अपिलाची तारीख लिहून लवकर द्या असं सांगा. पेट्रोल पंपावर तर स्वतः जा, मॅनेजरला भेटा, लेखी द्या की अमुक रात्रीचं फुटेज पुसू नका. पंप चालू होता, लाइट होते, आत माणूस होता हे दिसलं तर "निर्जन ठिकाणी" हे कौन्सिलचं म्हणणंच ढिलं पडतं. तो रस्ता त्या रात्री बंद होता याची नोटीस पण कौन्सिलच्याच साइटवर असेल, त्यांचाच कागद त्यांना दाखवा.

पत्र एक पानाचं. किती वाजता बसली, कुठं वळलो, का वळलो, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, कुठं थांबलो, ती उतरल्यावर मी किती वेळ थांबलो. आवाज चढला असेल तर चढला असं लिहा, लपवू नका, रेकॉर्डिंगमध्ये आलं तर पंचाईत. तक्रारदार बाईबद्दल एक वाकडा शब्द नको, ती प्यायलेली होती वगैरे तर अजिबात नाही. मग असा प्रसंग पुन्हा आला तर काय करणार ते लिहा, रस्ता बदलायच्या आधी विचारणार, उतरते म्हटलं तर कंट्रोलला, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या ऑफिसला कळवून दुसरी गाडी येईपर्यंत थांबणार. आधीच्या प्रवाशांचे ॲपवरचे चांगले शेरे असतील तर ते मागं जोडा. जीएमबी किंवा युनाइट युनियनचे मेंबर असतील तर आजच फोन करा, त्यांच्याकडं ही कामं करणारे लोक असतात, नसतील तर टॅक्सी लायसन्सिंगच करणारा वकील बघा, इमिग्रेशनवाला नको.

आणि एक, यात बरेच लोक फसतात. कौन्सिलला उत्तर पाठवलं म्हणजे अपील झालं असं नाही. कौन्सिलचं पत्र वेगळं आणि मॅजिस्ट्रेट कोर्टातला अर्ज वेगळा, कौन्सिल महिनाभर "तुमचं पत्र विचाराधीन आहे" म्हणत बसेल आणि कोर्टाची मुदत निघून जाईल. दोन्ही एकाच दिवशी टाका. हरलो तर कौन्सिलचा खर्च अंगावर येऊ शकतो, जिंकलो तर आपला मिळेलच असं नाही, कौन्सिल अगदीच बेजबाबदार वागली असेल तरच, त्यामुळं फी आधी ठरवून घ्या.

एमएच१५_एर्टिगा

कार्ड काढलं. ताई आत्ता पंपावर गेलीय दाजींसोबत, तिचं इंग्लिश चांगलं आहे म्हणून. वकील कोणी बर्मिंगहॅम साइडचा माहितीतला असेल तर ब्रमवासी भाऊ मेसेजमध्ये कळवा.